झाकणावरचे दोन ठोके

२००९ साली बिबवेवाडीच्या बालवाडीत चार वर्षांचा प्रज्ञेश आला. त्याला बोलता येत नसे, म्हणून हजेरी घेताना शिक्षिका हिराबाई मायेने त्याचं नाव गाळत. एकदा हजेरीच्या वेळी मुख्याध्यापिका आल्या. "अहो बाई, जो हजेरीसुद्धा देत नाही, त्याला सांभाळायला हे काय पाळणाघर आहे? आजच नाव कमी करा." हादरलेल्या बाईंनी सवयीने त्याला वगळून पुढचं नाव घेतलं. तोच डब्याच्या झाकणावर दोन ठोके पडले. प्रज्ञेश हिराबाईंकडे रागाने पाहत होता. बाईंनी पहिल्यांदाच हाक मारली, "प्रज्ञेश कांबळे!" पुन्हा दोन ठोके. "हजर आहे की हो," मुख्याध्यापिका पुटपुटल्या. नाव टिकलं. पुढे हिराबाई निवृत्त झाल्या. प्रज्ञेश आता कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवतो. अजूनही बेल न वाजवता हिराबाईंच्या दारावर दोन ठोके देतो. आतून हाक येते, "प्रज्ञेश कांबळे!"