बाबांचे लाल डोळे

२००६ साली सासरे मोरेश्वरराव अमेरिकेत फिनिक्सला मुलाकडे राहायला आले आणि थोड्याच दिवसांत आश्लेषाला संशय येऊ लागला. चार वर्षांची अनुष्का शाळेत गेली की ते कुठेतरी निघून जात, आणि संध्याकाळी पाहावं तर डोळे लाल. पितात की काय? दुपारभर लेकीला तेच तर सांभाळत!

एक दिवस रजा टाकून ती त्यांच्या मागे गेली. मोरेश्वरराव स्विमिंग पूलमध्ये लहान मुलांच्या रांगेत, कठडा धरून क्लोरीनच्या पाण्यात पाय मारत होते.

"बाबा, हे काय?"

"गेल्या महिन्यात अनु बॉलमागे धावत घरामागच्या कॅनॉलपाशी गेली. काठ निसरडा. वेळेत दंड धरला म्हणून वाचली. पडली असती, तर मी नुसता ओरडत उभा राहिलो असतो गं."

आश्लेषाने काउंटरवर दोन फॉर्म मागितले. एक अनुष्कासाठी, एक स्वतःसाठी.