काजव्यांचा पूल

नव्या यंत्रात कॅसेट नव्हतीच, तरी हेमंतने सवयीने आधी एक फुंकर मारली. लहानपणीचा व्हिडिओ गेम रीमास्टर होऊन आला होता. रंग झळाळले होते, पण दरी तेवढीच रुंद होती आणि साठीतल्या थरथरत्या हाताने उडीचं बटण वेळेवर दाबलं जाईना. दहा वेळा त्याचा गडी दरीत कोसळला.

"दादा, भाग दोन लाव ना," धाकटी बहीण तृप्ती म्हणाली. "तो आधी खेळणाऱ्याचा हात वाचतो आणि मग त्याच्यासाठी खेळ रचतो."

"म्हणजे माझी कीव करून दरी अरुंद करणार! जुन्या नावावर भलताच माल खपवतात लेकाचे."

तरी त्याने लावला, निदान नावं ठेवायला.

दरी उलट दुप्पट रुंद निघाली. काठावर त्याचा जुनाच गडी उभा होता, आता पिकल्या केसांचा, हातात कंदील घेतलेला. हेमंतचा हात थरथरला तसा कंदील थरथरला, आणि अंधारातून काजवे त्या उजेडाकडे झेपावले. बघता बघता त्यांचा पूल झाला. गडी पलीकडे पोचला.

"बघू, मला दे," म्हणत तृप्तीने रिमोट ओढून घेतला. तिच्या हातात कंदील जराही हलला नाही. एकही काजवा फिरकला नाही.

दोन वर्षं चारचौघांत खिशात दडवलेला हात हेमंतने पुढे केला.

"दे इकडे," तो पन्नास वर्षांपूर्वीच्याच तोऱ्यात म्हणाला, "तुला नाही जमायचं."