बेहड्याची ढोली

धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. पुढे पिल्लं मोठी होईपर्यंत नर जे आणून देईल, त्यावर सगळ्यांनी जगायचं. वरंधच्या रानात बेहड्यावर असं एक घर होतं. महाडच्या आम्ही दोघी शिक्षिका, मी आणि अंबिका, दर रविवारी दुर्बीण घेऊन ते बघायला जायचो.

त्या रविवारी नर आलाच नाही. फटीतून चोच बाहेर यायची, उघडायची, पुन्हा आत जायची.

"येईल," अंबिका म्हणत राहिली. ऊन चढलं तसं तिने तेही सोडलं. एरवी त्याच्या पंखांचा आवाज दरीपलीकडून ऐकू यायचा. आम्ही कान लावून बसलो होतो आणि रान गप्प होतं.

उतरताना नेहमीसारख्या पायथ्याच्या वाडीतल्या तुळसाच्या अंगणात पाण्याला थांबलो. माझं लंगडणं बघून दर वेळी हळहळणारी तुळसा आज खुशीत होती.

"डागदरच्या गोळ्यांनी काय झालं का बाई? नाय ना? म्हणून माझ्या पोराला, दीपेशला म्हटलं, मुंबईला जायच्या आधी बंदूक घेऊन जा नि बाईंचं एवढं काम कर."

तिने चुलीपाशी ठेवलेली बाटली आणली. अजून कोमट होती.

"धनेशाचं तेल हाय," ती माझ्यासमोर बसत म्हणाली. "पाय पुढं करा."