दुसरा हात

टोचून टोचून म्हातारीचा हात काळानिळा झाला, तरी सलाइनसाठी शीर काही सापडेना. शिकाऊ डॉक्टर रडकुंडीला येऊन मॅडमकडे गेली. "मॅडम, एकदा तरी दाखवा ना, कसं करायचं ते."

"वेडी आहेस का?" मॅडम खेकसल्या. "शिकवण्यावरच तर माझं संशोधन चाललंय. अर्ध्यांना शिकवायचं, अर्ध्यांना नाही आणि मग तुलना करायची. तू न शिकवलेल्या गटात आहेस. तुला दाखवलं तर माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी."

ती परतली. म्हातारीने निमूट दुसरा हात पुढे केला, तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली.

पुढच्या आठवड्यात मॅडमची आई ॲडमिट झाली. सुई घेऊन शिकाऊ डॉक्टर खाटेपाशी पोचते न पोचते तोच मॅडम आडव्या आल्या.



"तू नको. ज्यांना शिकवलंय, त्यांच्यातलं कुणीतरी पाठव."