या जेवायला

चोपन्नच्या नाताळच्या सुट्टीत दत्ताराम आणि मी सायकलींवर बोरिवलीहून मढचा किल्ला बघायला निघालो. आक्साच्या अलीकडे माडाखाली भाकरी आणि सुक्या बोंबलांची शिदोरी सोडली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी पहिला घास घेताना दत्ताराम गावच्या सवयीने बोललाच, "या जेवायला!"

पुन्हा निघालो, तर त्याची सायकल सपाट रस्त्यावर जड झाली. मी मागून बघत होतो. कॅरिअर रिकामं होतं, पण टायर माणूस बसल्यासारखा दबला होता.

मी सांगताच दत्ताराम उतरला आणि हवा भरायचा पंप काढून त्या रिकाम्या कॅरिअरवर तुटून पडला. "ऊठ मेल्या! ऊठ!"

चौथ्या फटक्याला हाड मोडल्याचा आवाज आला. पंपावरून रक्त ओघळलं. टायर पुन्हा वर आला.

"गेला," तो धापा टाकत हसला.

मी पेडल मारलं. माझी सायकल हलेना. मानेवर कोमट श्वास आला. त्याला आमच्याच सुक्या बोंबलांचा वास होता.

"श्याम्या, उतर खाली!" दत्तारामने पंप उगारला.

"कसा उतरू? त्याने कमरेला मिठी मारलीय रे!"

"मग हलू नकोस."