एकच तारा

बुटक्या योद्ध्यांच्या त्या कादंबरीला वाचकांनी भरभरून पाच-पाच तारे दिले होते. त्याने मात्र एकच दिला आणि खाली अभिप्राय ठोकला: 'शत्रू लाथ घालून बुटक्या सेनापतीची बरगडी मोडतो, आणि दुसऱ्याच सकाळी हा गडी उठून कुऱ्हाडीने सात मुंडकी उडवतो. काहीही. या लेखकाने जन्मात कधी मार खाल्लेला दिसत नाही.'

मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्याने बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि फोन चाळत बसला. टोपणनावाने लिहिणारा तो लेखक कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चहाच्या आधी लेखकाचं उत्तर आलं.



'अहो, परवा तुमच्या लाथेने माझी बरगडी मोडली. काल सकाळी सातला तुमचा डबा तयार होता ना?'