शेंदूर फासलेला टॉवर

पेठच्या डोंगरांतलं जंगल हवेतला कार्बन किती शोषतं, हे तिथला टॉवर मोजायचा. आकडे दरवर्षी उत्तम यायचे. पडताळणीसाठी टॉवरचं काम पाहणाऱ्या शास्त्रज्ञ रिदानं विमानातून साऱ्या डोंगरांवरची हवा मोजली, तर उलटंच निघालं: डोंगर कार्बन शोषण्याऐवजी सोडत होते. यंत्रच बिघडलं असणार, म्हणत तिनं खिडकीतून खाली पाहिलं. टॉवरभोवती तेवढं हिरवं वर्तुळ होतं. पुढचे डोंगर बोडके. दुसऱ्या दिवशी ती टॉवरपाशी पोचली. त्याच्या पायाला शेंदूर फासला होता. "हे कुणी केलं?" तिनं राखणदार मंगळूला विचारलं. "मीच, मॅडम. इथलं झाड तोडू द्यायचं नाय, असं तुम्हीच सांगितलेलं. लोकं ऐकंनात. मग देव बसवला. देवाच्या रानात कोण कुऱ्हाड लावंल? सरपणाला, कोळशाला आलेल्यांना पलीकडं धाडलं." "तिकडं काय उरलंय?" "काय बी नाय." त्यानं टॉवरला हात जोडले. "पण तुमचं एक बी झाड गेलं नाय."